बदलापूरचे घोडे आणि चाकामागची तबकडी

बदलापूर या नावाची एक व्युत्पत्ती आमच्या भागात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कोकणातून घाटमाथ्याकडे आणि उत्तरेस सुरतेच्या बाजूला ये-जा करणारे स्वार येथे थकलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे सांगतात. शिवकाळापर्यंत हा धागा नेला जातो. स्थलनामांच्या लोकव्युत्पत्तींकडे भाषेच्या अभ्यासकाने जितक्या सावधपणे पाहावे तितक्याच सावधपणे आम्ही हिच्याकडेही पाहतो. नाव आधी आणि गोष्ट मागून, असा उलटा प्रवास अशा कथांत पुष्कळदा घडलेला असतो. परंतु कथा खरी असो वा नसो, तिच्यात एक प्रश्न आहे आणि तो खरा आहे. घोडा बदलावयाची वेळ आली, हे कोण ठरवीत असे आणि कशावरून? पडलेला घोडा कोणीही बदलील. पडण्याच्या आधी, चालत असलेल्या घोड्याकडे पाहून 'आता हा नको' असे म्हणणे, यालाच जाणतेपणा लागतो.

प्रस्तुत लेख घोड्यांविषयी नाही. तो मोटारीच्या ब्रेकविषयी, नेमके सांगावयाचे तर पुढल्या चाकांमागे फिरणाऱ्या बिडाच्या तबकडीविषयी आहे. इंग्रजी पुस्तकांत तिला 'रोटर' म्हणतात. आमच्याकडे गॅरेजात ती 'डिस्क' किंवा 'डिस्क प्लेट' असते. ही डिस्क केव्हा तपासावी, केव्हा लेथवर घासून घ्यावी आणि केव्हा टाकून नवी बसवावी, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांनी हाती घेण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर आमच्या एका फजितीत आहे, आणि फजिती थोडक्यात वाचली म्हणूनच ती आज लिहिता येते आहे.

आम्ही चौघे. दोघे अंबरनाथचे, दोघे बदलापूरचे; नोकरी उल्हासनगरात. परीक्षेचे पर्यवेक्षण सकाळी लवकर असले, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे न्यावयाचे असले किंवा रविवारी मेगाब्लॉक असला की लोकलचा भरवसा धरता येत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून एक जुनी सात आसनी व्हॅन घेतली. पुढे डिस्क, मागे ड्रम, अशी तिची ब्रेकची व्यवस्था. घेतली त्याच वर्षी ब्रेक दाबताना पेडल पायाखाली थरथरू लागले, तेव्हा गॅरेजवाल्याने पुढच्या दोन्ही डिस्कना 'टर्निंग' काढून दिले आणि थरथर थांबली. तीन वर्षांनी ती परतली. या वेळी त्याने व्हर्निअर लावून डिस्कची जाडी आमच्यासमोर मोजली, 'अजून एक हात बसेल' म्हणाला आणि हलका कट मारून दिला. मजुरी माफक होती, माणूस भला होता, मोजमाप डोळ्यांदेखत झाले होते. आम्ही निर्धास्त झालो.

त्या हिवाळ्यात एका चर्चासत्रासाठी आम्ही व्हॅन घेऊन पुण्यास गेलो. परतताना संध्याकाळी खंडाळ्याखालच्या उतारावर पेडल मऊ पडू लागले, मग खोल जाऊ लागले आणि जळक्या वासाने गाडी भरली. दुसरा गिअर टाकून, हँडब्रेकचा आधार घेत, डोंगराच्या बाजूला गाडी कशीबशी उभी करता आली. चाकांतून धूर येत होता. कोणी काही बोलले नाही. खोपोलीच्या एका मिस्त्रीने चाक उतरवले, तेव्हा डाव्या डिस्कवर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. त्याने मायक्रोमीटर लावला. ज्या जाडीखाली डिस्क वापरू नये, त्याहून ती जवळजवळ एक मिलिमीटर कमी भरली. मग व्हर्निअर लावून आमच्या गॅरेजवाल्याची चूकही त्याने दाखवली. डिस्कच्या अगदी बाहेरच्या काठाशी पॅड पोहोचत नाहीत. तेथे न झिजलेली एक उभी कड शिल्लक राहते. साध्या व्हर्निअरचे सरळ जबडे त्या कडेवरच टेकतात. म्हणजे मोजली गेली होती ती कड; जिथे पॅड घासतात तो पट्टा कोणी मोजलाच नव्हता. जाता जाता त्याने काठावर अंगठा फिरवून गंजाखालची अक्षरे दाखवली. या जाडीखाली डिस्क वापरू नये, असा आकडा ओतकामातच उमटवलेला होता. डिस्क दोनदा उतरली, दोनदा चढली, आम्ही दोन्ही वेळा शेजारी उभे होतो. तो मजकूर कोणी वाचला नव्हता. आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'संहिता नीट वाचा' असे सांगणाऱ्यांची ही गोष्ट आहे.

त्या रात्री आम्ही खोपोलीहून लोकलने कर्जतमार्गे घरी आलो. ज्या मार्गाने आलो तोही या विषयाच्या इतिहासातलाच. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली, १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोहोचले आणि १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरवरून घाटाच्या पायथ्याशी, पळसदरीपर्यंत गेले. तेथे सह्याद्री आडवा उभा होता. बोरघाटातला चाकांचा रस्ता त्याआधीच, १८३० मध्ये, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत खुला झाला होता. त्यापूर्वी घाटातली वाहतूक मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होई, आणि पाठीवरच्या ओझ्याला ब्रेक लागत नाही. चाक आले तेव्हा उतार ही नवी अडचण झाली. चढावर बैल थकतात एवढेच. उतारावर गाडीच बैलांच्या अंगावर येते. चाकाखाली दगड, चाकावर दाबलेले लाकूड, मागून दोर धरून चालणारी माणसे, हे सारे त्या अडचणीवरचे उपाय होते.

रेल्वेने हीच अडचण शेकडो पटींनी मोठी केली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. पंधरा-सोळा मैलांत तो सुमारे १,८०० फूट चढे आणि काही ठिकाणी चढ सदतीस फुटांना एक फूट इतका तीव्र होता. मध्ये 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. तेथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा टप्पा चढे किंवा उतरे. ती व्यवस्था १९२९ मध्ये नव्या आखणीने संपली. सुरुवातीच्या गाड्यांना सर्व डब्यांवर एकदम लागणारा ब्रेक नव्हता. इंजिनावर आणि ठरावीक डब्यांवर हाताने फिरवावयाचे ब्रेक असत, ते फिरवण्यास माणसे नेमलेली असत आणि शिट्टीच्या इशाऱ्यावर ती ब्रेक आवळीत. सबंध गाडीला आपोआप लागणारा ब्रेक इंग्लंडात कायद्याने सक्तीचा होण्यास १८८९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आयर्लंडमध्ये आर्मा येथे चढावर सुटलेले डबे मागे घरंगळले आणि ऐंशीच्या आसपास माणसे मेली. त्यांत सहलीला निघालेली मुले पुष्कळ होती. त्यानंतर काही आठवड्यांतच कायदा झाला. ब्रेकचा इतिहास असाच आहे. त्यातले बहुतेक नियम अपघातानंतर लिहिलेले असतात.

बोरघाटाने मात्र एक शिस्त लावली आणि ती आजतागायत टिकली आहे. घाट उतरणाऱ्या गाड्यांना ठरावीक जागी ब्रेकच्या खात्रीसाठी थांबावे लागते. सुटलेल्या गाडीला मुख्य मार्गावरून बाजूला घेण्यासाठी चढत्या रुळांच्या 'कॅच सायडिंग' आहेत. पुण्याहून येताना डब्यात बसलेला प्रवासी या थांब्यांना कंटाळतो. आम्हीही कंटाळलो आहोत.

रेल्वेने आणखी एक गोष्ट केली. जुन्या लोकलमध्ये ब्रेकचा ठोकळा थेट चाकाच्या धावेवर दाबला जाई. म्हणजे चाक हीच तिची डिस्क. चाक झिजले, त्याचा आकार बिघडला की ते कारशेडमध्ये मोजतात, मोठ्या लेथवर पुन्हा आकारात आणतात, आणि व्यास ठरलेल्या आकड्याखाली गेला की 'कंडेम' करतात. चाक दिसावयास चांगले असले तरी आकड्यापुढे कोणाचे चालत नाही. आमच्या भागातील बहुतेक घरांत कोणी ना कोणी रेल्वेत किंवा आयुध निर्माणीत नोकरीस असल्यामुळे 'कंडेम' हा शब्द मराठी बोलण्यात रुळला. मोडकी खुर्चीही कंडेम होते. शब्द आला, मात्र त्याच्या पाठीशी असलेला आकडा आला नाही. आमच्या बोलण्यात एखादी वस्तू 'कंडेम' ठरते ती मोडल्यावर. रेल्वेत ती मोडण्याच्या आधी ठरते.

मोटारीकडे वळू. चाकाच्या आत फिरणारा पिंप आणि त्याला आतून टेकणाऱ्या अर्धचंद्राकृती पट्ट्या, म्हणजे ड्रम ब्रेक, याचे श्रेय सामान्यतः फ्रान्सच्या लुई रेनो याला देतात, साल १९०२. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड, ही कल्पना तेव्हाच पूर्ण होती. परंतु तांब्याचे पॅड कर्कश आवाज करीत आणि लवकर झिजत. ती कल्पना जवळजवळ पन्नास वर्षे मागे पडली. १९५३ मध्ये ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार गाड्या जिंकल्या आणि १९५५ मध्ये सिट्रोएनच्या 'डीएस' या मोटारीने ते सामान्य रस्त्यावर आणले. घर्षणाच्या पट्ट्यांचा इतिहासही मनोरंजक आहे. डर्बीशायरच्या टेकड्यांत गाडीवान उतारावर ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटांचे कातडे लावतात, हे हर्बर्ट फ्रूड याने पाहिले आणि १८९७ पासून त्याने त्यासाठी वेगळ्या पट्ट्या बनवण्यास आरंभ केला, असे सांगतात. आपल्या आडनावाच्या अक्षरांवरून त्याने नाव घेतले 'फेरोडो'.

डिस्क का जिंकली, याचे कारण उष्णता. ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकीत नाही. तो वेगाची उष्णता करतो. माणसांसह दीड हजार किलो भरणारी व्हॅन ताशी साठ किलोमीटर वेगावरून थांबवली की सुमारे दोन लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये उतरते. तीच व्हॅन घाटात पाचशे मीटर खाली आणली तर हिशेब सुमारे ७३ लाख ज्यूल होतो. साठच्या वेगावरून पस्तीस-छत्तीस वेळा लागोपाठ थांबण्याइतका. त्यातला काही वाटा वारा आणि खालच्या गिअरमधले इंजिन उचलते. उरलेला सारा डिस्क आणि ड्रमवर येतो. ड्रममध्ये उष्णता कोंडते, उघड्यावर फिरणारी डिस्क ती वाऱ्याला देत राहते. परंतु किती उष्णता सामावून घेता येईल, हे बिडाच्या वजनावर अवलंबून असते. डिस्क पातळ झाली की तिची ही कोठी लहान होते, ती लवकर तापते, ब्रेकच्या तेलापर्यंत उष्णता पोहोचते. आणि जुन्या, पाणी शोषलेल्या तेलाला उकळी फुटली की पेडल खाली जाते. खंडाळ्याखाली आमच्याबाबतीत हेच घडले. गावात, उल्हासनगर ते बदलापूर धावताना, तीच डिस्क कदाचित आणखी वर्षभर काही बोलली नसती.

मग इतकी पातळ डिस्क पुन्हा लेथवर जातेच कशी? येथे आम्हांला दोष एका गॅरेजवाल्याचा वाटत नाही. त्यामागे एक मोठा इतिहास दिसतो. मुंबई परिसरातल्या मिस्त्रींची जी पिढी घडली ती ड्रमवर. कुर्ल्यात बनणारी प्रीमिअर पद्मिनी आणि तिची काळी-पिवळी टॅक्सी, अँबेसेडर, ट्रक, एसटी, या सर्वांच्या चाकांत ड्रम होते. ड्रमच्या ब्रेकमध्ये काही सहसा टाकून देत नसत. लायनर झिजला की जुन्याच पट्टीवर नवा लायनर रिवेट मारून बसवीत. ड्रममध्ये चऱ्या पडल्या की लेथवर आतून साफ करीत. ड्रमलाही मर्यादा होती, पण जुन्या गाड्यांचे ड्रम जाडजूड असत आणि दोन-तीन कट सहज सोसत. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली. तिलाच पुढे ओम्नी म्हणू लागले. २०१० मध्ये ईको आली, २०१९ मध्ये ओम्नीचे उत्पादन थांबले. या हलक्या गाड्यांबरोबर पुढे डिस्क, मागे ड्रम ही जोडी मध्यमवर्गाच्या दारात रूढ झाली. लहान गाडीच्या डिस्कमध्ये नव्या आणि टाकावू जाडीतले अंतर बहुधा दोन मिलिमीटरच्या आसपास असते. एका बाजूला एकच मिलिमीटर. वस्तू बदलली, पण 'टर्निंग काढून घे' हा सल्ला तोच राहिला. भाषेच्या इतिहासात आपण म्हणतो की शब्द टिकतो आणि अर्थ सरकतो. येथे अर्थ सरकला आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही.

या सल्ल्याकडे तुच्छतेने पाहू नये, हे उल्हासनगरात नोकरी करणाऱ्यांना सांगावे लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत वसवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी होऊन तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतात. ज्यांनी घर, शेत, दुकान मागे टाकले होते, त्यांनी येथे काही टाकून द्यायचे नाही अशा हिशेबाने व्यापार आणि कारागिरी उभी केली. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या मुंबईने केला. त्या विनोदात जे हसण्यावारी जाते ती हाताची करामत होती. शेजारच्या अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना, आयुध निर्माणी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि पुढे औद्योगिक वसाहत यांनी लेथवर हात बसलेली माणसे दिली. निवृत्त झालेल्या किंवा कारखाना बंद पडलेल्या एखाद्या टर्नरने गल्लीत एक लेथ टाकावा आणि आसपासच्या गॅरेजांची कामे करावीत, हे या पट्ट्यातले ओळखीचे दृश्य आहे. दुरुस्ती ही येथली संस्कृती आहे आणि वापरा-फेका या वृत्तीपुढे ती आम्हांला मोलाचीच वाटते. परंतु दुरुस्तीची संस्कृती टिकावयाची तर दुरुस्ती कोठे संपते, हेही तिला ठाऊक असले पाहिजे.

ते ठाऊक होण्याचे एक साधन भाषा. मराठीत कारखाना आणि वाङ्मय यांची गाठ एकदा चांगली पडली होती. १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. यंत्रांची माहिती गिऱ्हाइकांना द्यावी, या हेतूने सुरू झालेले ते पत्रक पुढे मराठीतले एक प्रमुख मासिक झाले आणि आपण ते वाङ्मयेतिहासात शिकवतो. शिकवताना मात्र त्यातला नांगर गळतो आणि कथा उरते. पुढे यंत्राच्या पुस्तिका इंग्रजीत राहिल्या, मिस्त्रीचे ज्ञान तोंडी राहिले आणि मराठीच्या अध्यापकाचे ज्ञान वर्गात. तिघांची भेट होत नाही. आमच्या डिस्कच्या काठावरचा आकडा इंग्रजी अक्षरांत होता हे खरे. पण आमच्यापैकी कोणालाही तेवढे इंग्रजी येत नव्हते असे नाही. तेथे काही वाचण्यासारखे असेल, हेच मनात आले नाही.

कायदा या बाबतीत फारसा मदतीला येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे भाड्याने चालणाऱ्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण होते. शाळेच्या बसगाड्यांसाठी महाराष्ट्राने २०११ मध्ये स्वतंत्र नियम केले. खासगी मोटारीला मात्र नोंदणीची पहिली पंधरा वर्षे अशी कोणतीही सक्तीची तपासणी नाही. धुराचे प्रमाणपत्र तेवढे लागते, आणि धूर पाहणारा माणूस चाकाकडे पाहत नाही. म्हणजे कल्याणच्या कार्यालयात एमएच ०५ ने सुरू होणारा क्रमांक मिळाल्यापासून पंधरा वर्षे, आमच्यासारख्या पांढऱ्या पाटीच्या व्हॅनचे ब्रेक पाहण्याची जबाबदारी केवळ मालकाची. बोरघाटात आगगाडीला जे सक्तीने थांबावे लागते, ते मोटारीला आपणहून थांबावे लागते.

म्हणून जे आम्ही उशिरा शिकलो ते येथे नोंदवून ठेवतो. तपासणी दर दहा हजार किलोमीटरला, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, आणि घाट उतरण्याचा बेत असल्यास निघण्यापूर्वी व्हावी. पॅडचा घर्षणाचा थर तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. तो संपला तर लोखंडाची पाठ डिस्कवर घासते आणि एका आठवड्यात डिस्कही जाते. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने, काठाच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत, गोलाकार सात-आठ ठिकाणी मोजावी आणि त्यातला सर्वांत लहान आकडा खरा मानावा. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक सारखे नाणे लावून व्हर्निअरने मोजावे आणि दोन नाण्यांची जाडी वजा करावी. जबडे मग कडेवर टेकत नाहीत. हा आकडा काठावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. गाडीगणिक तो वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नये.

लेथवर डिस्क केव्हा न्यावी? पेडल थरथरत असेल, चऱ्या नखाला लागत असतील, आणि तरीही कट मारून झाल्यावर जाडी मर्यादेच्या वर राहून पुढल्या झिजेसाठीही काही शिल्लक उरत असेल, तेव्हाच. मर्यादेला जेमतेम टेकणारा कट हा उद्याच मर्यादा ओलांडणारा कट असतो. थरथरीसाठी डिस्क डोळ्यांना दिसण्याइतकी वाकडी असावी लागत नाही. जाडीत मिलिमीटरचा पन्नासावा भाग इतका फरक पायाला कळतो. ज्याला आपण 'डिस्क वाकली' म्हणतो त्यात पुष्कळदा जाडीचा असमानपणाच असतो, आणि त्याचे मूळ चाकाचे नट कमीजास्त आवळण्यात असू शकते. ते समोरासमोरच्या जोडीने, सारख्या जोराने आवळावेत. नाहीतर नवी डिस्कही काही महिन्यांत थरथरू लागते. टर्निंग दोन्ही बाजूंनी सारखे निघावे आणि नंतर डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावी. डिस्क गुळगुळीत आणि सरळ असेल तर केवळ पॅड नवे घातले म्हणून तिला लेथ दाखवण्याची गरज नसते.

आणि बदलावी केव्हा? जाडी मर्यादेखाली गेली, भेग दिसली, गंजाने खोल खड्डे पाडले, किंवा अतिउष्णतेचे निळे डाग लेथखालीही गेले नाहीत, तर तेथे वाद संपतो. एका डिस्कची वेळ आली तरी दोन्ही चाकांच्या डिस्क जोडीने बदलाव्यात, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका अंगाला खेचते. नवी डिस्क आणि लेथची मजुरी यांतले अंतर आता पूर्वीइतके राहिलेले नाही. काटकसरीच्या हिशेबानेही टर्निंग नेहमी स्वस्त पडते असे नाही.

आमच्या तिन्ही गावांना गंजाविषयी वेगळे सांगावयास नको. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी जी तांबूस साय दिसते ती चार-पाच वेळा ब्रेक लावताच पुसली जाते. तिला भिऊ नये. पुराच्या पाण्याची गोष्ट निराळी. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी बदलापूर-कल्याण पट्ट्यात शिरले तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली होत्या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हाही आसपासच्या वस्त्यांत तेच झाले. पाण्यातून निघालेल्या गाडीचे इंजिन सर्वजण पाहतात, आसने उन्हात टाकतात. चाकांमागे गाळ साचून कॅलिपरची पिन अडकलेली असते, एक पॅड सतत डिस्कला टेकून राहतो आणि एकच बाजू झिजत जाते. वरून डिस्क चकचकीत दिसते. झिजते ती आतली, न दिसणारी बाजू. चाक उतरवून, वाकून पाहिल्याखेरीज ती कळत नाही.

व्हॅन आम्ही विकली नाही. पुढच्या दोन्ही डिस्क, पॅड आणि ब्रेकचे तेल नवे घातले. त्या गॅरेजवाल्याला आम्ही जुनी डिस्क नेऊन दाखवली. रागावण्याचे मनात होते, त्याने मात्र ती हातात घेऊन बराच वेळ फिरवली, कडेवर आणि पट्ट्यावर आळीपाळीने बोट ठेवले आणि म्हणाला, "सर, हे मला कोणी शिकवलं नव्हतं." आम्हांलाही कोणी शिकवले नव्हते, असे म्हणून आम्ही गप्प बसलो. पुढच्या खेपेस त्याच्याकडे मायक्रोमीटर होता.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख आहे. दरवर्षी आम्ही विद्यार्थ्यांना तो दाखवावयास नेतो. झिजलेल्या अक्षरांवर बोट न ठेवता प्रकाश तिरपा पाडून कसे वाचावे ते सांगतो. गेल्या दोन वर्षांपासून मंदिरातून परतताना वाहनतळावर आम्ही आणखी एक गोष्ट करतो. व्हॅनचे पुढले चाक वळवून, विजेरी धरून, डिस्कच्या काठावरचा आकडा मुलांना वाचावयास सांगतो. मुले हसतात, मग वाकतात. ज्यांच्या घरी रिक्षा आहे, टेम्पो आहे, त्यांच्यातला एखादा तरी घरी जाऊन आपल्या वडिलांच्या गाडीच्या चाकामागे डोकावतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारतो, "सर, ड्रमवर कुठे लिहिलेलं असतं?"

ड्रमवरही लिहिलेले असते. त्यावर जास्तीत जास्त व्यास असतो. बदलापूरच्या त्या स्वारांच्या घोड्यांवर मात्र काही लिहिलेले नव्हते. त्यांना ते श्वासावरून आणि पावलांवरून ओळखावे लागे.